बत्तीस पूर्णांक किती?

प्रेमात पडलेला माणूस श्वास घ्यायला विसरतो, असं जाणकार मंडळी पूर्वापार सांगत आली आहेत. या मंडळींपैकी कोणी पाण्याखाली उतरलेलं दिसत नाही. तिथे श्वास रोखून वर येणाऱ्याचं फुप्फुस फाटतं, आणि मग हुरहुर, विरह, मीलन वगैरे पुढचे सगळे कार्यक्रम आपोआप रद्द होतात. म्हणून डायव्हिंग शिकवताना पहिल्याच दिवशी डोक्यात भरवतात, काहीही होवो, श्वास चालू ठेवा. या गोष्टीतल्या दोघांनी हा नियम शेवटपर्यंत पाळला. त्यांनी मोडला तो दुसरा.

धक्क्याच्या टोकाला मामांचं डायव्हिंगचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकं, मागे गॅस भरायची खोली. त्या खोलीत एका बाजूला कॉम्प्रेसर, दुसऱ्या बाजूला उंच, गंभीर चेहऱ्याचे ऑक्सिजनचे सिलिंडर, आणि वर दोरीवर ओळीने टांगलेले ओले वेटसूट. बाहेर कसलंही ऊन असो, खोलीत बारा महिने रिपरिप चालू. या रिपरिपीत मामांची भाची काम करायची. ती रसायनशास्त्र शिकली होती, आणि कोणाच्या सिलिंडरमध्ये कोणता वायू किती टक्के, हे तिच्या हातात असे. म्हणून सगळे तिला टक्केताई म्हणत. इतर ठिकाणी टक्केवारी घेणाऱ्यांचं नाव होतं, हिचं देण्यामुळे झालं, एवढाच फरक.

एका सकाळी ‘आत येऊ नये’ अशी पाटी असलेलं दार ढकलून एक गृहस्थ आत आले. तिशी ओलांडलेली, चष्मा, आणि अंगात वेटसूट. चेन पोटावर होती आणि अर्ध्यातच अडकली होती.

“बाहेर पाटी आहे,” ती वळूनही न बघता म्हणाली.

“वाचली. पण का येऊ नये, ते लिहिलेलं नाही.”

आता मात्र तिने वळून पाहिलं. आणि मग... हसू दाबायला तिला पाना हातात घेऊन उगाचच एक नट आवळावा लागला.

“तुम्ही तो उलटा घातलाय.”

“चेन पुढे असते ना?”

“जॅकेटला. याला मागे असते.”

“तरीच,” तो शांतपणे म्हणाला. “मला वाटत होतं, समुद्रच मला नको म्हणतोय.”

तो ऑडिटर होता. दुसऱ्यांनी लिहिलेले हिशेब खोटे आहेत असं गृहीत धरून कामाला सुरुवात करायची, आणि ते खरे निघाले तर जरा हिरमुसायचं, असा पेशा. डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, काहीतरी असं शोधा जिथे कोणावर संशय घ्यावा लागणार नाही. त्याने विचार केला, मासे. माशांच्या व्यवहारात खाडाखोड नसते.

वर्ष-दीड वर्षात तो बरा डायव्हर झाला, वेटसूटही सुलटा घालू लागला. मग मामा म्हणाले, “आता नायट्रॉक्स शिका,” आणि त्याला परत त्या रिपरिपणाऱ्या खोलीत पाठवलं. या वेळी रीतसर.

“बसा,” टक्केताई म्हणाली. “साध्या हवेत ऑक्सिजन किती?”

“एकवीस टक्के.”

“वीस पूर्णांक नऊ. बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. खोल गेलं की तो नायट्रोजन अंगात मुरतो. घाईने वर आलात तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, माणूस लुळाही पडतो. म्हणून आपण काय करतो, नायट्रोजन कमी करतो आणि ऑक्सिजन वाढवतो. हेच नायट्रॉक्स. बत्तीस टक्के, छत्तीस, चाळीस. तेवढाच वेळ खाली जास्त मिळतो.”

“मग शंभर टक्केच का भरत नाही?”

“कारण खोल पाण्यात ऑक्सिजनचं विष होतं.” तिने हे इतक्या सहज सांगितलं की तो खुर्चीत सरळ झाला. “जितका ऑक्सिजन जास्त, तितकं कमी खोल जायचं. बत्तीसवाल्याने तेहतीस मीटरपर्यंत. चाळीसवाल्याने पंचवीसला थांबायचं, खाली अप्सरा दिसली तरी. नाही थांबलात तर फिट येते. पूर्वसूचना नाही, काही नाही. तोंडातली नळी सुटते. जमिनीवर फिट आली तर लोक पाणी मारतात. तिथे पाणी आधीच असतं.”

वरच्या वेटसूटमधून त्याच्या चष्म्यावर एक थेंब पडला.

“आणि सिलिंडरमध्ये चाळीस आहे की बत्तीस, हे कसं कळणार? वास येतो?”

“वास नाही, रंग नाही, चव नाही. मोजायचं.” तिने टेबलावरचं मीटर पुढे सरकवलं. हातात मावेल एवढी डबी, त्यावर आकडे. “आधी साध्या हवेवर लावून घ्यायचं, वीस पूर्णांक नऊ आलं पाहिजे. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मी भरल्यावर मोजते. पण तुमचा सिलिंडर तुम्ही पुन्हा मोजायचा, स्वतः. आणि माझा आकडा मी आधी सांगणार नाही. तुम्ही सांगा, मग मी सांगते. जुळले तर समुद्र तुमचा.”

“म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही?”

“अजिबात नाही. इथे कोणीच कोणावर ठेवत नाही. मामा माझ्यावर ठेवत नाहीत, मी मामांवर.”

ऑडिटरच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला प्रेम म्हणणं घाईचं होईल. पण ज्याने उभी हयात दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच गोष्ट मोजायला लावली, त्याला असं घर सापडावं... तो हळूच म्हणाला, “फार सुंदर पद्धत आहे.”

तिच्याकडे येणाऱ्यांनी आजवर तिला सुंदर म्हटलं होतं, तिच्या डोळ्यांना म्हटलं होतं, एकाने तर कॉम्प्रेसरलाही म्हटलं होतं. पद्धतीला कोणी म्हटलं नव्हतं. ती नट आवळायला गेली. नट आधीच आवळलेला होता.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. मोजायचा, आकडा सांगायचा.

“बत्तीस पूर्णांक तीन.”

“बत्तीस पूर्णांक चार. चालेल.”

“तुमचा एक दशांश जास्त आहे.”

“तुमचं लक्ष एक दशांश कमी आहे.”

लोकांच्या गप्पा फुलांवरून, चंद्रावरून सुरू होतात. यांच्या दशांशावरून होत. कधी ती त्याला अति खोल जाणाऱ्यांसाठी हेलियम कसा मिसळतात ते सांगे. खाली नायट्रोजनची नशा चढते, हेलियमची चढत नाही, फक्त माणूस बदकासारखा बोलतो. “मग त्या गॅसवर कोणी मागणी घालत नसेल,” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने मीटरचं बटण दोनदा दाबलं. कधी तो आपल्या धंद्यातल्या युक्त्या सांगे.

“गोल आकडा दिसला ना, की समजायचं, कोणीतरी घरी बसून लिहिलाय. खऱ्या गोष्टी कधी गोल नसतात. त्यांना शेपूट असतं. पूर्णांक तीन, पूर्णांक सात...”

“आणि माणसं?”

“माणसं तर काय, नुसती शेपटंच.”

घरी तिच्या आईला या रविवारांचा वास लागला होता. पोरीने आजवर आलेली तीन स्थळं परत पाठवली होती. एकाने पगार गोल आकड्यात सांगितला, हे त्यातलं शेवटचं कारण. “मुलं काय सिलिंडर आहेत का गं, एकेक मोजत बसायला?” असं आई म्हणे. टक्केताई हसून वेळ मारून नेई. पण रात्री पडल्या पडल्या तिला वाटे, आई म्हणते त्यात काहीतरी आहे. जग प्रेम करतं म्हणजे काय करतं? डोळे मिटून विश्वास टाकतं. आणि आपण सगळा दिवस लोकांना डोळे उघडे ठेवायला शिकवतो. मग आपल्याला ते कधी जमणार? की जमूच नये? आपण भरलेला वायू माणसं पाण्याखाली श्वासातून घेतात. एकदा आपला डोळा मिटला, तर दुसऱ्याचा कायमचा.

ऑडिटरही त्याच सुमारास त्याच प्रश्नाशी झटापट करत होता. पण तो निघाला उलट्या दिशेने.

तो रविवार मोठा होता. मामा आठ जणांना घेऊन बुडालेल्या मालवाहू बोटीकडे जाणार होते. तिचा डेक बत्तीस मीटरवर. ऑडिटरची ही पहिली खोल डाइव्ह. सिलिंडर बत्तीस टक्क्यांचा. शेजारी आणखी एक सिलिंडर भरून उभा होता, दुपारी उथळ पाण्यात माशांचे फोटो काढणाऱ्या बाईंसाठी, चाळीस टक्क्यांचा. दोन्ही टक्केताईने नीट मोजले होते. आता फक्त कोणाचा कोणता याच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. दोन्ही सिलिंडर दिसायला सारखे, एका साच्यातले.

तेवढ्यात ऑडिटर आला, आणि पट्ट्या चिकटवणाऱ्या तिच्या हातांकडे बघत म्हणाला, “काल माझ्या साहेबांनी विचारलं, हल्ली तुमचे शेरे सौम्य का झालेत?”

“मग? काय सांगितलंत?”

“म्हटलं... नायट्रोजन कमी केलाय.”

ती हसली. अशी हसली की बत्तीस टक्के बाजूला राहिले, बत्तीसही दात दिसले. आणि हसता हसता तिच्या हातांनी दोन पट्ट्या दोन सिलिंडरांवर चिकटवल्या.

मग ती वळून मामांसाठी नळ्या गोळा करू लागली. ऑडिटरने मीटर उचललं. व्हॉल्व्हपाशी नेलं. थांबला. त्याला वाटलं, आज नाही. हयातभर सगळ्यांचं सगळं मोजलं. आईने वाढलेल्या दुधावरची सायही मोजली असेल. एकदा तरी एखाद्या माणसाच्या शब्दावर श्वास घेऊन बघावा. आणि घ्यायचाच तर हिच्या. त्याने व्हॉल्व्ह उघडला नाही. आकडा स्थिर व्हायला लागतो तितका वेळ मात्र प्रामाणिकपणे थांबला, मग मीटर खाली ठेवलं. छातीत काहीतरी मोठं, उदात्त भरून आल्यासारखं त्याला वाटलं.

“किती आलं?” तिने पाठमोरीच विचारलं.

“बत्तीस.”

“बरोबर,” ती म्हणाली. अजून त्या हसण्यातच होती.

तो सिलिंडर उचलून गेला. जाताना दारात थांबून त्याने एकदा मागे पाहिलं, तिनेही पाहिलं... दोघंही काहीतरी बोलणार होते. धक्क्यावरून मामांनी हाक मारली, “साहेब, मुहूर्त बघताय का?”

ती पट्ट्यांची कात्री जागेवर ठेवत होती, ओठांवर ते नायट्रोजनचं वाक्य घोळवत होती. आणि घोळवता घोळवता तिला काहीतरी टोचलं. इतके रविवार झाले. बत्तीस पूर्णांक तीन. बत्तीस पूर्णांक पाच. एकदा एकतीस पूर्णांक नऊ आलं तर अर्धा तास वाद घातला होता. आज नुसतं बत्तीस?

खऱ्या गोष्टींना शेपूट असतं.

तिने टेबलावरचं मीटर उचललं आणि पळत सुटली.

धक्क्यावर मामांच्या माणसाने दोर सोडला होता. बोट आणि धक्का यांच्यात हातभर पाणी दिसत होतं.

“थांबा!” ती ओरडली. “ऑडिटर! बत्तीस पूर्णांक किती?”

बोटीवरच्या आठही जणांनी वळून पाहिलं. ऑडिटरने ओठांवरून जीभ फिरवली.

“काय?”

“बत्तीस पूर्णांक किती? दशांश सांगा!”

हजारो लोकांना हाच प्रश्न विचारून ज्याने घाम फोडला होता, त्याला त्या थंड वाऱ्यात घाम फुटला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे, आणि बोट परत धक्क्याला लावली.

तिने बोटीवर उडी मारली. मीटर हवेत धरलं, वीस पूर्णांक नऊ. व्हॉल्व्ह किंचित उघडला. आकडे चढू लागले. अठ्ठावीस. एकतीस. बत्तीस... तिथे थांबतील म्हणून तिने डोळ्यांनी त्यांना जवळजवळ धरून ठेवलं. ते थांबले नाहीत. छत्तीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस पूर्णांक आठ.

पंचवीस मीटरला थांबायचा वायू. बुडालेल्या बोटीचा डेक बत्तीसवर.

लाटा बोटीच्या कडेला चापट्या मारत होत्या.

“पट्ट्या मी चिकटवल्या,” ती म्हणाली. तिचा आवाज हेलियमवर असल्यासारखा बारीक आला. “अदलाबदल झाली. चूक माझी.”

“मी मोजलंच नाही,” तो म्हणाला. “चूक माझी.”

“वाटून घ्या,” मामा म्हणाले. “आणि दोघंही खाली उतरा. ताई, महिनाभर तू एकटीने भरायचं नाहीस, माझ्यासमोर भरायचं. साहेब, तुम्ही महिनाभर फक्त आंघोळीच्या पाण्यात उतरायचं. तेही बादलीत.”

बोट गेली. दोघं त्या खोलीत येऊन बसले. वेटसूट ठिबकत होते. तिने दोन पेल्यांत चहा ओतला.

“का नाही मोजलंत?”

त्याने पेला खाली ठेवला.

“मला वाटलं... एकदा तरी तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकावा. न तपासता. लोक टाकतात ना.”

“मला विचारलं होतंत? मला हवा होता का तो?”

“भेट म्हणून...”

“ही कसली भेट? तुमचा जीव माझ्या मांडीवर टाकलात, आणि मला सांगितलंही नाहीत! खाली काही झालं असतं तर मी...” ती थांबली. “मला वाटलं होतं, जगात एक माणूस असा आहे जो माझ्यामागून मोजतो. म्हणून मी निर्धास्त हसत होते.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर विसंबलात?”

“हो.”

“आणि मी तुमच्यावर.”

“हो.”

“म्हणजे मोजलं कोणीच नाही.”

एका वेटसूटची बाही ठिबकली.

“मी हसत होते म्हणून पट्ट्या चुकल्या,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “पाच वर्षांत एकही चुकली नव्हती. यात जे समजायचं ते समजा. आणि आता जा.”

तो गेला.

महिना तिने मामांसमोर सिलिंडर भरले. मामा स्टुलावर बसून बघायचे, एकदाच म्हणाले, “चुकलीस ते चुकलीसच. पण पळालीस बरी.” महिना संपला, तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. आई म्हणाली, “तो शेपटांचा माणूस दिसत नाही हल्ली?” त्यावर टक्केताईने इतकं सावकाश “कोण?” विचारलं, की आईने ताबडतोब विषय बदलला. तिला कळत होतं, त्या दिवशीचा राग खरा होता. पण त्या रागाखाली काय होतं, ते मोजायला तिच्याकडे यंत्र नव्हतं. त्याचा जीव एकदा तिच्या निष्काळजी हातात येऊन गेला होता. असा माणूस परत का येईल? आणि आला तर, आपण परत त्याच्यासाठी भरू शकू?

त्यानंतरच्या रविवारी ‘आत येऊ नये’ लिहिलेलं दार उघडलं.

त्याने वेटसूट सुलटा घातला होता. हातात एक छोटी डबी होती. तिने ओळखली. ऑक्सिजनचं मीटर, कोरं करकरीत.

“हे काय?”

“माझं स्वतःचं. तुमच्या मीटरवरही माझा विश्वास नाही.”

ती बाजूला झाली. तो सिलिंडरपाशी गुडघ्यांवर बसला, मीटर हवेवर लावून घेतलं, व्हॉल्व्ह किंचित उघडला, आणि थांबला. महिना संपला तरी मामा सवयीने स्टुलावर बसलेले होते; ते उठले आणि बाहेर त्यांना अचानक काहीतरी काम आठवलं.

“बत्तीस पूर्णांक दोन,” तो म्हणाला.

“पूर्णांक दोन,” ती म्हणाली.

“तरी पुन्हा मोजतो.”

“मोजा.”

त्याने पुन्हा मोजलं. मग गुडघ्यांवरूनच वर बघत म्हणाला, “मी महिनाभर विचार केला. उशीर त्यामुळे झाला, आणि हे मीटर मिळायला. मला डोळे मिटून प्रेम करायला जमणार नाही. एकदा करून बघितलं, आठ जणांची डाइव्ह खोळंबली. मला तुमचं सगळं मोजायचंय. तुम्ही बरोबर असताना, चुकलेल्या असताना... रोज. तुम्हीही माझं मोजा. माझा तुमच्यावर काडीचा विश्वास नाही. आणि तुमच्याशिवाय मला दुसरं कोणाचंही काही तपासावंसं वाटत नाही.”

“नोकरीचं काय मग?”

“ते पगारासाठी.”

“पगार किती?” तिने विचारलं.

त्याने सांगितला. शेवटी चिल्लर होती.

ती हसली. या वेळी हातात पट्ट्या नव्हत्या, हे तिने आधी बघून घेतलं. मग तीही त्याच्यासमोर जमिनीवर बसली, इतकी जवळ की त्याच्या चष्म्यावर तिचा श्वास उमटला.

“उठू नकोस,” ती म्हणाली. अहो-जाहो कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. “एक विचारते. खरं सांग, आकडा गोल करू नकोस. तुला आत्ता इथे... हवेत काही वेगळं जाणवतंय?”

“हो,” तो म्हणाला. “खूप. तुला?”

“मलाही.”

वर वेटसूट ठिबकत राहिले. बाहेर मामा नसलेलं काम करत राहिले. त्याचं नवं मीटर जमिनीवर दोघांच्या मधोमध चालूच राहिलं होतं, आणि त्याच्यावर आकडा होता वीस पूर्णांक नऊ, म्हणजे साधी हवा.